बांधलेली होडी आणि दोराचे गणित

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला कोपरी आहे आणि कोपरीच्याही पूर्वेला ठाण्याची खाडी. चेंदणी कोळीवाडा, मीठबंदर ही नावे ठाणेकरांच्या ओळखीची आहेत. या काठावर होड्या बांधणे हे काही नवे काम नाही. परंतु हे काम दिसते तितके सोपेही नाही. बैल खुंटाला बांधला की काम संपते. होडीचे तसे नसते. तिच्याखालची जमीन, म्हणजे पाणी, सतत वाहत असते. ते दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते आणि दर सहा तासांनी उलट दिशेने धावू लागते. पावसाळ्यात यात पुराची भर पडते. उत्तरेकडे एका अरुंद फाट्याने ही खाडी उल्हास नदीच्या पात्राशी जोडलेली आहे, आणि उल्हासला कल्याणच्या परिसरात काळू व भातसा या नद्यांचे पाणी मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला की या साऱ्या पाण्याला वाट हवी असते.

अशा वेळी होडी सुटली तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे एका कुटुंबाचे पोटापाण्याचे साधन जाते. दुसरी म्हणजे सुटलेली होडी पुलाच्या खांबावर किंवा दुसऱ्या होड्यांवर जाऊन आदळते आणि आपल्याबरोबर त्यांनाही सोडवते. म्हणून होडी कशी बांधावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गंमत अशी की, त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारे बहुतेक सारे विज्ञान आणि गणित आठवी ते दहावीच्या पुस्तकांत सापडते.

पुष्कळांना वाटते की, दोर जाड घ्यावा आणि घट्ट आवळून बांधावा, म्हणजे होडी सुरक्षित. यातले पहिले अर्धे बरोबर आहे. दुसरे अर्धे मात्र चुकीचे आहे. का, ते पायरीपायरीने पाहू.

पाणी किती जोराने ओढते?

वाहत्या पाण्यात उभ्या असलेल्या वस्तूवर पाणी जे बल लावते ते चार गोष्टींवर अवलंबून असते: पाण्याची घनता, पाण्यासमोर येणारे वस्तूचे क्षेत्रफळ, वस्तूचा आकार आणि पाण्याचा वेग. सूत्र असे आहे:

बल = १/२ × आकाराचा गुणांक × घनता × क्षेत्रफळ × वेग × वेग

यात वेग दोन वेळा आला आहे, हे लक्षात ठेवा. म्हणजेच बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर बल चौपट, तिप्पट झाला तर नऊपट.

आता एक होडी घेऊ. लांबी ६ मीटर, रुंदी दीड मीटर, आणि तिचा अर्धा मीटर भाग पाण्यात बुडालेला आहे असे समजा. होडीचे तोंड प्रवाहाकडे असेल तर पाण्यासमोर येणारे क्षेत्रफळ १.५ × ०.५ = ०.७५ चौरस मीटर होते. टोकदार तोंडामुळे पाणी दोन्ही बाजूंना सहज वळते, म्हणून आकाराचा गुणांक अंदाजे ०.३ धरू. हीच होडी प्रवाहात आडवी झाली तर क्षेत्रफळ ६ × ०.५ = ३ चौरस मीटर होते आणि गुणांक सुमारे १ होतो. पाण्याची घनता दर घनमीटरला १,००० किलोग्रॅम धरून आकडे असे येतात:

वेग सेकंदाला १ मीटर: तोंड प्रवाहाकडे असता सुमारे ११० न्यूटन, आडवी असता १,५०० न्यूटन.
वेग सेकंदाला २ मीटर: तोंड प्रवाहाकडे असता ४५० न्यूटन, आडवी असता ६,००० न्यूटन.
वेग सेकंदाला ३ मीटर: तोंड प्रवाहाकडे असता सुमारे १,००० न्यूटन; आडवी असता १३,५०० न्यूटन.

एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे १० न्यूटन असते. तेव्हा संथ पाण्यात ११ किलोच्या ओझ्याइतकी ओढ लावणारी होडी पुरात १०० किलोच्या ओझ्याइतकी ओढ लावते, आणि तीच आडवी झाली तर १,३५० किलोच्या! दोर तोच, खुंट तोच, होडी तीच; बदलली ती फक्त होडीची दिशा.

यावरून पहिला नियम मिळतो: वाहत्या पाण्यात होडी तोंडाच्या टोकाला बांधावी, मध्यावर कधीही बांधू नये. मध्यावर बांधलेल्या होडीला आणखी एक धोका असतो. पाणी तिला खालच्या बाजूने पुढे ढकलते आणि दोर तिला वरच्या कडेपाशी मागे ओढतो. ही दोन बले एका रेषेत नसल्यामुळे होडी कलते, आणि तीही प्रवाहाच्याच बाजूला. कड पाण्याखाली गेली की होडी भरायला वेळ लागत नाही.

नांगर वजनाने धरत नाही

आता नांगराकडे वळू. फार पूर्वी भोक पाडलेला मोठा दगड नांगर म्हणून वापरीत. द्वारकेजवळच्या समुद्रतळावर असे दगडी नांगर सापडले आहेत. दगड आपल्या वजनाने धरतो. लोखंडी नांगराचे काम वेगळे आहे. त्याचे फाळ चिखलात रुततात. शेतातला नांगर जसा जमिनीत शिरतो तसेच. ठाण्याच्या खाडीचा तळ चिखलाचा आहे, तेव्हा रुंद फाळाचा नांगर तेथे चांगला धरतो. पण एका अटीवर: त्याला होणारी ओढ आडवी असली पाहिजे. आडवी ओढ नांगराला अधिक खोल रुतवते, तर वरची ओढ त्याला उपटून काढते. नांगर काढताना होडीवाले काय करतात ते आठवा. ते होडी बरोबर नांगराच्या वर आणतात आणि दोर सरळ उभा ओढतात. नांगर काढण्याची जी युक्ती, तीच नांगर निसटण्याचे कारण!

दोराची दिशा ठरते ती दोराची लांबी आणि पाण्याची खोली यांच्या प्रमाणावरून. खोली ३ मीटर आणि दोर ६ मीटर असेल तर दोर, पाण्याचा तळ आणि उभी खोली यांचा काटकोन त्रिकोण होतो. समोरची बाजू कर्णाच्या निम्मी, म्हणजे दोराने तळाशी केलेला कोन ३० अंश. पुरातली १,००० न्यूटनची आडवी ओढ अशा दोरातून नांगरापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्याबरोबर वर उचलणारे बलही येते. ते १,००० × ३० अंशांचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे ५८० न्यूटन असते. २० किलोच्या लोखंडी नांगराचे पाण्यातले वजन सुमारे १७५ न्यूटन. (आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाण्यात ते थोडे कमी भरते.) म्हणजे नांगर उचलला जाणार.

आता दोर खोलीच्या सातपट, म्हणजे २१ मीटर घेऊ. कोन केवळ ८ अंशांच्या आसपास येतो आणि वर उचलणारे बल सुमारे १४५ न्यूटनवर उतरते. हे नांगराच्या वजनापेक्षा कमी आहे. नांगर तळावर आडवा राहतो आणि रुततो. होडी तीच, नांगर तोच, प्रवाह तोच. फक्त दोर लांब केला. नांगरापाशी काही मीटर जड साखळी जोडली तर आणखी चांगले, कारण साखळीच्या वजनाने ओढ तळालगत आडवीच राहते. म्हणून दोराची लांबी खोलीच्या पाच ते सातपट ठेवावी, असे जगभरचे नावाडी मानतात. खोली मात्र पाण्याच्या पृष्ठभागापासून न मोजता दोर होडीवर जेथे बांधला असेल तेथपासून मोजावी.

कोणत्या वेळची खोली?

येथे खाडीचा प्रश्न पुढे येतो. नदीची खोली पुरात बदलते. खाडीची रोज बदलते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत ४ मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला, तो पुष्कळ कमी असतो.

समजा, ओहोटीला ३ मीटर पाणी पाहून कोणी सातपट म्हणजे २१ मीटर दोर सोडला आणि घरी गेला. उधाणाला पाणी ७ मीटर झाले. आता तोच दोर खोलीच्या फक्त तिप्पट राहिला. वर उचलणारे बल १,००० न्यूटनच्या ओढीला ३५० न्यूटन झाले, नांगराच्या वजनाच्या दुप्पट. एरवी भरती पूर्ण झाली की पाणी काही वेळ थबकते, त्यामुळे सर्वांत जास्त खोली आणि सर्वांत जास्त वेग एकाच वेळी येत नाहीत. पुराच्या वेळी मात्र पातळीही चढलेली असते आणि वेगही. म्हणून दुसरा नियम: दोर मोजावा तो सर्वांत मोठ्या भरतीच्या पाण्यावर. येथे ७ × ७ = ४९ मीटर दोर हवा.

पण ४९ मीटर दोराला बांधलेली होडी प्रवाह उलटला की नांगराभोवती फिरून दुसऱ्या बाजूला जाईल. अरुंद खाडीत एवढी जागा कोठून आणायची? यावर उपाय म्हणजे दोन नांगर: एक वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, आणि दोन्ही दोर होडीच्या तोंडालाच. ओहोटीला एक नांगर धरतो, भरतीला दुसरा. होडी जागच्या जागी तोंड फिरवते.

काठाला बांधलेल्या होडीलाही हेच गणित लागू पडते. भरतीच्या पाण्याच्या पातळीवर धक्क्याला एक कडी आहे असे समजा. ओहोटीला होडी ४ मीटर खाली जाणार. दोर २ मीटरचाच असेल तर होडी धक्क्याला टांगली जाईल. उलट, ओहोटीच्या पाण्याच्या पातळीवरच्या खुंटाला आखूड आवळून बांधली असेल तर भरतीला तिचे तोंड पाण्याखाली खेचले जाईल. वरच्या कडीपासून ५ मीटर दोर धक्क्यालगत आडवा लावला तर? पायथागोरसच्या प्रमेयाने २५ − १६ = ९, म्हणजे ओहोटीला आडवे अंतर ३ मीटर; होडी २ मीटर सरकेल. १२ मीटर दोर लावला तर १४४ − १६ = १२८, आडवे अंतर सुमारे ११.३ मीटर, होडी जेमतेम ७० सेंटिमीटर सरकेल. पाणी चार मीटर उतरले तरी होडी जवळजवळ जागेवरच! लांब दोर पाण्याची चढउतार पोटात घालतो, ती अशी.

भरतीची वेळ काढण्यासाठी कोकण किनाऱ्यावर एक सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे भरती सुमारे ३ वाजता; अष्टमीला ६ वाजता; पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ × ३/४ = सव्वाअकरा. यामागे खगोलशास्त्र आहे. भरतीची वेळ रोज पुढे सरकत एका चांद्रमासात पूर्ण २४ तास फिरते. चांद्रमासात ३० तिथी, म्हणून एका तिथीला २४ भागिले ३०, म्हणजे ४८ मिनिटे. त्याऐवजी तोंडी हिशोबाला सोपा असा पाऊण तास घेतला आहे. खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोहोचते, हेही ध्यानात ठेवावे.

हिसका

दोर बहुधा सततच्या ओढीने तुटत नाहीत, हिसक्याने तुटतात. १,००० किलोची होडी लाटेमुळे सेकंदाला १ मीटर वेगाने सरकली. तिची गतिज ऊर्जा १/२ × १,००० × १ × १ = ५०० जूल. ही ऊर्जा दोराने शोषून घ्यायची आहे. दोर ताणला जाऊन होडी ५ सेंटिमीटरांत थांबली तर सरासरी बल ५०० भागिले ०.०५, म्हणजे १०,००० न्यूटन. ५० सेंटिमीटरांत थांबली तर केवळ १,००० न्यूटन. क्रिकेटमध्ये जोराचा झेल घेताना हात मागे का नेतात, त्याचेच हे उत्तर.

समजा, एखादा दोर आपल्या लांबीच्या दहा टक्के ताणला जातो. अर्धा मीटर दोर ५ सेंटिमीटर ताणला जाईल. ५ मीटर दोर ५० सेंटिमीटर. म्हणजे आखूड दोराला दहापट हिसका सोसावा लागेल. पूर्वीचा काथ्याचा दोर चांगला ताणला जात असे. आजचा नायलॉनचा दोरही ताणला जातो. लोखंडी तार मजबूत असली तरी फारशी ताणली जात नाही, म्हणून नुसत्या तारेने होडी बांधणे बरे नव्हे.

लांब दोर आणि ढिला दोर यांत मात्र फरक आहे. धक्क्याजवळ नुसता ढिला सोडलेला दोर होडीला वेग घेऊ देतो आणि मग एकदम अडवतो. दोन दोर बांधतानाही हे पाहावे. एक ताठ आणि एक ढिला असेल तर सारी ओढ ताठ दोरावर पडते. तो तुटतो, मग दुसरा हिसक्याने तुटतो. दोन दोरांनी दुप्पट बळ मिळवायचे असेल तर दोघांवर सारखा ताण हवा.

खुंटाला वेढे

दोर खुंटाला बांधताना आधी दोन-तीन वेढे देतात आणि मग गाठ मारतात. हे वेढे शोभेसाठी नसतात. दोर आणि खुंट यांच्यातल्या घर्षणामुळे प्रत्येक वेढ्यागणिक ताण कमी होत जातो, आणि तो वजाबाकीने कमी न होता भागाकाराने कमी होतो. अठराव्या शतकातले थोर गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी याचे गणित मांडले. घर्षणगुणांक ०.३ असेल तर एका वेढ्याने ताण सुमारे साडेसहा पटींनी कमी होतो, दोन वेढ्यांनी त्रेचाळीस पटींनी, तीन वेढ्यांनी पावणेतीनशे पटींहून अधिक. म्हणजे दोन वेढे दिले की हाताने १०० न्यूटन ओढ धरणारा मनुष्य दुसऱ्या टोकाची ४,००० न्यूटनची ओढ पेलू शकतो. याचा आणखी एक फायदा असा की, गाठीवर ताण थोडाच येतो, त्यामुळे ती आवळून बसत नाही आणि घाईच्या वेळी सहज सोडता येते. जेथे दोर कडेवर घासतो तेथे फडके किंवा जुन्या रबरी नळीचा तुकडा गुंडाळावा. झिजलेल्या दोराला कोणतेही गणित वाचवू शकत नाही.

पूर येण्यापूर्वी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी दुपारी भरती होती, त्यामुळे पाण्याला समुद्राकडे वाट मिळाली नाही. उल्हासच्या काठच्या बदलापूर, कल्याण या भागांतही मोठा पूर आला. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी साचलेले पाणी आणि ओहोटी यांची दिशा एक झाली की प्रवाहाला जोर चढतो. पुलाच्या खांबांमध्ये पात्र अरुंद होते. तेवढेच पाणी कमी जागेतून जायचे म्हणजे त्याचा वेग वाढणारच. म्हणून पुलाच्या वरच्या अंगाला, जवळ, होडी बांधू नये.

वेगाच्या वर्गाचा नियम पुन्हा आठवा. पाणी वाढू लागल्यावर नव्हे, तर त्याआधीच दोर लांब करणे, दुसरा दोर लावणे, होडीतले पावसाचे पाणी उपसणे आणि शक्य असेल तर होडी काठावर ओढून घेणे, ही कामे करायची. पूर चढल्यावर होडी वाचवण्यासाठी कोणीही पाण्यात उतरू नये. होडी पुन्हा बांधता येते.

करून पहा

१. एक गोल, गुळगुळीत काठी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवून घट्ट बांधा. सुतळीच्या एका टोकाला अर्धा किलोचे वजन लटकवा. सुतळी काठीवरून नुसती टाका आणि दुसऱ्या टोकाला किती वजन लावले म्हणजे पहिले वजन घसरत नाही ते पहा. मग एक पूर्ण वेढा, दोन पूर्ण वेढे देऊन तेच करा. आकड्यांची तुलना करा.

२. रुंद परातीत चिखलाचा जाड थर द्या. वाकवलेल्या तारेचा छोटा नांगर करून त्यात रुतवा. दोऱ्याने आधी आडवे ओढा, मग तिरके, मग सरळ वर. स्प्रिंगकाट्यावर प्रत्येक वेळी बल मोजा.

विचार करा

१. प्रवाहाचा वेग दीडपट झाला तर दोरावरची ओढ किती पट होईल?

२. भरतीच्या पातळीवरच्या कडीपासून १३ मीटर दोर आडवा लावला आहे. पाणी ५ मीटर उतरले. होडी किती सरकेल?

३. दोन दोर प्रत्येकी ८०० न्यूटनला तुटतात. एक १० मीटरचा, दुसरा ११ मीटरचा; दोन्ही एकाच खुंटाला बांधले आहेत. दोर जवळजवळ ताणले जातच नाहीत असे समजा. १,००० न्यूटनची ओढ ते पेलतील का?

उत्तरे: (१) सव्वादोन पट. (२) १ मीटर. (३) नाही. आखूड दोरावर सारी ओढ पडून तो आधी तुटेल आणि मग दुसरा.